म्हाताऱ्यांना बंद झालेले रस्ते

दरवर्षी १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन साजरा होतो. नगरपालिका आणि महापालिका आपापल्या सभागृहांत कार्यक्रम घेतात. शाल, श्रीफळ, गुलाबाचे फूल दिले जाते. 'ज्येष्ठ हे समाजाचे वैभव आहेत', अशी भाषणे होतात आणि दुपारी चहापान होऊन कार्यक्रम संपतो. हे सभागृह बहुतेक ठिकाणी पहिल्या मजल्यावर असते. जिन्याला कठडा एकाच बाजूला असतो, तोही हलणारा. म्हणजे ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, ज्यांना रिक्षाचे भाडे परवडते, तेवढेच म्हातारे सत्काराला पोहोचतात. जी म्हातारी माणसे घराच्या उंबऱ्याबाहेर पडू शकत नाहीत त्यांचा या दिवसाशी काय संबंध? त्यांना शाल नको आहे. त्यांना रस्ता पाहिजे, बसायला जागा पाहिजे, जवळ स्वच्छ संडास पाहिजे आणि बसमध्ये चढता आले पाहिजे.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठ वर्षांवरील लोक सुमारे १० कोटी ३८ लाख होते. त्यांपैकी सुमारे १ कोटी ११ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. केंद्र सरकारच्याच लोकसंख्या अंदाजाप्रमाणे २०३६ पर्यंत देशातील हा आकडा २२ कोटींच्या पुढे जाणार आहे. तेव्हा दर सात माणसांत एक माणूस साठीच्या पुढचा असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच 'वयोस्नेही शहर' कसे असावे याची मार्गदर्शिका काढली. जगातल्या ३३ शहरांतील म्हाताऱ्यांना विचारून ती तयार झाली आणि त्यांत आपल्या देशातील दिल्ली आणि उदयपूर ही दोन शहरे होती. मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घर, समाजातला सहभाग, आदर, काम, माहिती आणि आरोग्यसेवा अशा आठ बाबी तिच्यात सांगितल्या आहेत. आपल्या किती नगरसेवकांनी ही मार्गदर्शिका पाहिली असेल?

पण आपल्याला याहून पुढचा प्रश्न विचारायचा आहे. 'ज्येष्ठ नागरिक' हा शब्द उच्चारला की राज्यकर्त्यांच्या डोळ्यासमोर कोण येतो? निवृत्तिवेतन घेणारा, सकाळी बागेत फिरणारा, हास्य क्लबात टाळ्या वाजवणारा, मुलगा परदेशात असणारा गृहस्थ येतो. त्यालाही अडचणी आहेत, त्या नाकारण्याचे कारण नाही. मात्र आपल्या वस्तीतील म्हातारा वेगळा आहे. तो कंत्राटी सफाई कामगार होता, हमाल होता, बांधकामावर बिगारी होता. आपल्या वस्तीतील म्हातारीने चाळीस वर्षे चार घरची धुणीभांडी केली किंवा पाठीवर गोणी टाकून कचरा वेचला. यांच्या कामाला निवृत्ती नव्हती म्हणून निवृत्तिवेतनही नाही. इतरांचे म्हातारपण साठीला सुरू होत असेल, यांचे पन्नाशीलाच सुरू होते. गुडघे, कंबर, डोळे, फुप्फुसे ही सारी श्रमात झिजलेली असतात.

हा भावनेचा विषय नाही, आकड्यांचा आहे. उत्तर, मध्य आणि पूर्व भारतातील नऊ राज्यांच्या आरोग्यविषयक पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी असल्याचे त्यात दिसून आले. निव्वळ गरिबी हे त्याचे पूर्ण कारण नाही, हेही त्या अभ्यासाने दाखवले. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता, पण श्रम आणि जात यांचे नाते इथे वेगळे आहे असे समजण्याचे कारण नाही. जात माणसाच्या आयुष्याचीही वर्षे खाते, हा या आकड्यांचा अर्थ आहे.

आता सरकारी सवलतींच्या वयोमर्यादा या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा साठ वर्षांच्या माणसाला ज्येष्ठ मानतो. श्रावणबाळ योजनेला मात्र पासष्ट वर्षे लागतात. एसटीत अर्धे तिकीट पासष्टीपासून आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून मिळालेला मोफत प्रवास पंच्याहत्तरीनंतर आहे. रेल्वेची सवलत तर मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या निमित्ताने बंद झाली आणि साथ ओसरल्यावरही वर्षानुवर्षे परत आली नाही. ज्याचे शरीर पन्नाशीत थकते आणि ज्याचे आयुष्यच इतरांपेक्षा आखूड आहे, त्याने पंच्याहत्तरीची वाट पाहायची! सवलत सर्वांना सारखी दिसते, पण तिचा लाभ जास्त जगणाऱ्यांनाच जास्त मिळतो. सर्वांना एकच फूटपट्टी लावली की समता झाली असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

रस्त्याचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले झाल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला आणि तळे बंदच राहिले. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चवदार तळ्यापर्यंत चालत जावे लागले, तेव्हा तो ठराव जमिनीवर उतरला. याच अनुभवातून आलेला अनुच्छेद १५(२) आज संविधानात आहे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्याबरोबर त्यात 'रस्ते' हा शब्दही आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे अडवता येणार नाही. जातीच्या नावाने अडवलेले रस्ते खुले करण्यासाठी हा शब्द घातला गेला. आज त्याच रस्त्यावर कोणी हटकत नसेल, पण उंच कड, उघडे गटार आणि भरधाव वाहने म्हाताऱ्या माणसाला अडवतात. हुकूम देणारा दिसत नाही, इतकाच फरक.

१९२३ च्या ठरावाची जी गत झाली तीच आजच्या कायद्यांची होत आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्याचे नियम जून २०१७ मध्ये लागू झाले. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन त्या कायद्यात आहे. ती मुदत २०२२ मध्ये उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेचे नियम म्हणजे नुसत्या शिफारशी असू शकत नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. १४ मे २०२५ रोजी याच न्यायालयाने चालण्यायोग्य फुटपाथ हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे कायदा आहे, न्यायनिवाडा आहे, निधीही आहे. आपल्या गल्लीत मात्र काहीच पोहोचलेले नाही. म्हातारपण म्हणजे अपंगत्व नव्हे हे खरे. पण चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार काठी टेकणाऱ्या आजोबालाही लागतो, गरोदर बाईलाही लागतो आणि कचऱ्याची ढकलगाडी ओढणाऱ्या सफाई कामगारालाही लागतो.

इंजिनिअरांना हे कळत नाही असे नाही. फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. एक फूट चढायचे तर उतार बारा फूट लांब हवा, हेही ठरलेले आहे. प्रत्यक्षात फुटपाथ गुडघ्याएवढा उंच, दर वीस पावलांवर तुटलेला, मध्येच विजेचा डबा, पुढे जाहिरातीचा खांब. उतार केलाच तर घसरगुंडीसारखा उभा, केवळ उद्घाटनाच्या फोटोसाठी. सिग्नलचेही तसेच. रस्ता ओलांडण्याचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरण्याची रीत आहे. १८ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने पंधरा सेकंद पुरतात. पण गुडघे दुखणारी सत्तरीची बाई सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल, तर पंधरा सेकंदांत ती १२ मीटरच जाते. उरलेले सहा मीटर तिने सुटलेल्या वाहनांसमोर पार करायचे. सिंगापूरने २००९ मध्ये यावर साधा उपाय काढला. म्हाताऱ्या माणसाने आपले कार्ड खांबाला लावले की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. आपल्याला कार्डही नको. दवाखान्याजवळच्या आणि बाजाराजवळच्या सिग्नलची वेळ वाढवायला एक आदेश पुरेसा आहे.

आता मोठ्या रस्त्यावरून वस्तीत या. इथे वेगळाच प्रकार आहे. दलित वस्ती सुधारणेच्या नावाने दर पाच वर्षांनी गल्लीवर काँक्रीटचा नवा थर पडतो. जुना थर उखडण्याचे कष्ट ठेकेदार घेत नाही. थरावर थर चढून गल्ली उंबऱ्याच्या वर जाते आणि घर खड्ड्यात राहते. पावसाचे पाणी आत येते, म्हणून दारात वीतभर बांध घातला जातो. म्हाताऱ्या माणसाला घरात शिरतानाही उतरायचे आणि निघतानाही चढायचे. गटारावरची फरशी अर्धी गायब. त्यात संडास वस्तीच्या टोकाला. रात्री दिवा नाही, आत धरायला कठडा नाही, सगळी भांडी खाली बसायची. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांनी काय करायचे? म्हाताऱ्या बाया संध्याकाळनंतर पाणी पिणे बंद करतात. मग लघवीचे आजार, चक्कर, पडणे, खुब्याचे हाड मोडणे, आणि एकदा अंथरूण धरले की उठणे नाही. या साखळीची सुरुवात एका नसलेल्या कठड्यापासून होते. प्रत्येक सार्वजनिक संडासात किमान एक कमोड, भिंतीला एक लोखंडी दांडी आणि दाराशी एक दिवा एवढ्याला किती कोटी लागतात?

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत गेले की प्रश्न सुटतो असे सांगितले जाते. संडास घरात येतो, ही मोठी गोष्ट आहे आणि ती हक्काची आहे. मुंबईच्या बीडीडी चाळींत तीन पिढ्यांनी १६० चौरस फुटांच्या खोलीत आणि सामायिक संडासांच्या रांगेत दिवस काढले. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले. वरळीतील बीडीडीच्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या आणि तिथल्या म्हाताऱ्यांना स्वतःचा संडास पाहायला मिळाला. याचे स्वागतच आहे. पण उंच इमारतीत म्हाताऱ्या माणसाचे सारे जगणे लिफ्टवर टांगलेले असते. अनेक पुनर्वसन इमारतींत देखभालीचा पैसा जमत नाही, विजेचे बिल थकते आणि लिफ्ट महिनोन् महिने बंद राहते. मग चौदाव्या मजल्यावरची आजी कैदी होते. चाळीत दार उघडे असायचे, गॅलरीत चार माणसे बसायची, एखादी म्हातारी सकाळी दिसली नाही तर शेजारीण डोकावायची. हे सारे नकाशात कोण आखणार? लिफ्टच्या देखभालीची जबाबदारी विकासकाने आणि शासनाने किमान दहा वर्षे घ्यावी आणि तळमजल्यावर, निदान खालच्या दोन मजल्यांवर, म्हाताऱ्यांच्या कुटुंबांना प्राधान्याने घर मिळावे, ही मागणी लेखी करारात आली पाहिजे.

फुटपाथ मोकळे करा असे म्हटले की महापालिकेला एकच गोष्ट सुचते: फेरीवाल्यांवर गाडी घालणे. या सापळ्यात आपण सापडता कामा नये. भाजीची टोपली घेऊन बसलेली साठीची बाई हीसुद्धा ज्येष्ठ नागरिक आहे आणि तो फुटपाथ तिची रोजीरोटी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्रेता समित्या आणि विक्रीच्या जागा ठरवून द्यायला सांगितले आहे. त्या समितीत ४० टक्के प्रतिनिधी निवडून आलेले विक्रेते असले पाहिजेत. चालायला सलग पट्टा आणि विकायला आखलेली जागा या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर बसू शकतात. फुटपाथवरची सर्वांत मोठी अडवणूक टोपलीची नसते. उभ्या केलेल्या मोटारींची, दुकानांच्या वाढवलेल्या पायऱ्यांची आणि पुढाऱ्यांच्या फलकांची असते. त्यांना हात लावायची हिंमत मात्र होत नाही.

पैशाची गोष्टही बोलली पाहिजे. कारण खिशात पैसा नसेल तर चांगल्या रस्त्यावरून जाऊन करायचे काय? निराधार म्हाताऱ्याला २०२३ पासून महिना १५०० रुपये मिळतात. यात केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतील वयासाठी २०० रुपयांचा आहे आणि तो २००७ च्या सुमारास ठरला तो तिथेच थांबला. पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत! त्यात हयातीचा दाखला द्यायला तहसीलच्या पायऱ्या चढायच्या आणि आयुष्यभर विटा उचलून बोटांचे ठसे पुसले गेले म्हणून यंत्राने ओळख नाकारायची. २०२४ मध्ये राज्य सरकारने चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी एकरकमी ३,००० रुपयांची वयोश्री योजना काढली. त्याच वर्षी तीर्थदर्शनासाठी माणशी ३०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची योजनाही काढली. काठीच्या दहापट पैसा यात्रेला! शासनाचा प्राधान्यक्रम यापेक्षा वेगळा सांगायला नको.

आणि योजनेचे नाव 'श्रावणबाळ' का? आई-बापाला कावडीत वाहून नेणाऱ्या पुराणातल्या मुलाचे नाव देऊन शासन सुचवते की म्हातारपण ही मुलाच्या भक्तीची बाब आहे आणि सरकार फक्त दया करीत आहे. संविधानाचा अनुच्छेद ४१ असे म्हणत नाही. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या ऐपतीच्या मर्यादेत द्यावा, असे तो सांगतो. त्यात 'हक्क' हा शब्द आहे, दया नाही. ज्या मुलाला स्वतःलाच कंत्राटी कामावर तुटपुंजी मजुरी मिळते त्याच्या खांद्यावर कावड देऊन राज्याला मोकळे होता येणार नाही.

शासनाला जाब विचारताना आपल्या घरातही पाहिले पाहिजे. आपण वस्तीवस्तीत बुद्धविहारे उभी केली. वर्गणी काढून, घाम गाळून उभी केली, याचा अभिमान आहे. पण किती विहारांना उतार आहे? उंच जोत्यावरच्या सात-आठ पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत त्या उपासिका वंदनेला खालीच हात जोडून उभ्या राहतात. आत सगळे जमिनीवर बसायचे, खुर्ची मागायला संकोच. १९७९ च्या नामांतर लाँग मार्चमध्ये नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने पायी निघालेला वीस वर्षांचा तरुण आज पासष्टी ओलांडून गेला आहे. ज्यांनी चळवळीसाठी शेकडो कोस तुडवले त्यांना आज समोरच्या विहारात जायला कोणाचा तरी हात धरावा लागतो. त्यांना व्यासपीठावर बोलावून हार घालण्यापेक्षा विहाराला एक उतार आणि एक कठडा करून द्यावा. दुपारी बंद असणारे विहार म्हाताऱ्यांसाठी उघडावे. तिथे वर्तमानपत्र असावे, पिण्याचे पाणी असावे, आठवड्यातून एकदा रक्तदाब-साखर तपासायला वस्तीतलाच एखादा डॉक्टर किंवा परिचारिका बसावी. अर्ज भरून देणारा एक तरुण असावा. विहार हे नुसते वंदनेचे ठिकाण नाही. लहान मुलांच्या अभ्यासाची आणि मोठ्यांच्या विसाव्याची जागा म्हणून ते चालले, तरच वस्ती त्याला आपले म्हणेल.

मग करायचे काय? प्रत्येक वस्तीतील चार-पाच कार्यकर्त्यांनी दोन म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन घर ते दवाखाना, घर ते बसथांबा, घर ते रेशन दुकान असा रस्ता एकदा चालून पाहावा. कुठे पाय अडखळला, कुठे बसायला जागा मिळाली नाही, कुठे संडास नाही, हे वहीत लिहावे, मोबाइलवर फोटो काढावेत. ती यादी वॉर्ड कार्यालयात पोचपावती घेऊन द्यावी. महिनाभरात उत्तर नाही आले तर माहितीच्या अधिकारात विचारावे की, दिव्यांग आणि वस्ती सुधारणेच्या निधीतून या वॉर्डात काय खर्च झाला. तरीही हालचाल नसेल तर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करावी. तो अधिकार २०१६ च्या कायद्याने दिला आहे. मागण्या मोजक्या ठेवाव्यात: जुना थर उखडल्याशिवाय नवे काँक्रीट नाही, प्रत्येक संडासात कमोड आणि दांडी, दर दोनशे पावलांवर एक बाक, शहर बससेवेत खालच्या पायरीच्या गाड्या आधी वस्त्यांच्या मार्गावर, सवलतींचे वय सर्वत्र साठ, आणि सफाई कामगार, कचरा वेचक, बांधकाम मजूर यांच्यासाठी पंचावन्न.

२०२२ ते २०२५ या काळात राज्यातील अनेक महापालिकांत लोकनियुक्त सभागृहच नव्हते, प्रशासकांनी कारभार केला. तेव्हा विचारायचे कोणाला, असा प्रश्न होता. 'स्मार्ट सिटी'च्या नावाखाली पुण्यात औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग निवडून रुंद फुटपाथ झाले, तसे वस्त्यांच्या वाट्याला आले नाहीत, कारण विचारणारा आवाज नव्हता. यापुढे जो कोणी मत मागायला गल्लीत येईल त्याला भाषण करू देऊ नका. त्याला वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचा हात धरून सार्वजनिक संडासापर्यंत नेऊन परत आणायला सांगा. वाटेत जे काही त्याला दिसेल, तोच त्याचा जाहीरनामा समजावा आणि पाच वर्षांनी त्याच वाटेने त्याला पुन्हा चालवावे.

जयभीम.